लिनारेसचं धुणं

मी त्या कारखान्यात मुलाखतीला गेले तेव्हा लॅबच्या साहेबांनी माझी प्रमाणपत्रं उघडूनही पाहिली नाहीत. "हात पुढे कर," म्हणाले. शाळेत छडी मारायच्या आधी बाई म्हणायच्या, अगदी तसंच. मी घाबरत दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझी नखं एकेक करून पाहिली आणि ड्रॉवरमधून एक छोटा ब्रश काढून माझ्यापुढे ठेवला.

"नखं खायची सवय आहे तुला. आजपासून सोडायची. जमणार नसेल तर आत्ताच सांग, दुसरीकडे शब्द टाकतो."

मी सोडते म्हटलं. मुलाखत संपली.

कारखाना साजगावचा, जुन्या बॅटऱ्यांमधून शिसं काढणारा. ट्रकच्या, रिक्षांच्या, इन्व्हर्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या टेंपो भरभरून यायच्या. त्या फोडायच्या, आतलं शिसं भट्टीत वितळवायचं आणि त्याच्या विटा पाडायच्या. मी पोशीरची, भातशेतीवाल्यांच्या घरातली. कर्जतच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन कारखान्याच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागले, आणि ते लॅबचे प्रमुख. कर्जतचेच, पिढ्यान्‌पिढ्या मास्तरकी केलेल्या घरातले. उंच, सडपातळ, चालताना किंचित पुढे झुकलेले, जणू समोरच्या माणसाच्या कॉलरवर काही पडलंय का ते बघत निघालेत.

त्यांच्या शर्टांना खिसे नसायचे. नवा शर्ट घेतला की घालण्याआधी तो शिंप्याकडे नेऊन खिसा उसवून आणायचे. खिशात धूळ बसते, आणि खिशात बसलेली धूळ घरी जाते, हे त्यांचं म्हणणं. मग पेन, चष्म्याचं कापड, मोबाइल, किल्ल्या हे सगळं एका चपट्या स्टीलच्या डब्यात. कोणी नवखा माणूस डबा बघून आज काय भाजी, असं विचारायचा, तेव्हा ते गंभीरपणे डबा उघडून त्याला पेन दाखवायचे. मिशीही त्यांनी त्याच कारणानं काढली होती. ती काढली तेव्हा आपण आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही, असं काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला स्वतः सांगितलं. "लग्न मिशीवाल्याशी झालं होतं गं माझं," म्हणाल्या.

चहाआधी कोपरापर्यंत हात धुवायचे आणि खळखळून गुळणी करायची, हा नियम सगळ्यांना. एकदा मालक बँकेच्या दोन साहेबांना घेऊन लॅबमध्ये आले. चहाचे कप आले तसे आमचे साहेब उठले आणि त्या दोघांना बेसिनकडे घेऊन गेले. सुटाबुटातली ती माणसं टाय मागे टाकून गुळण्या करत होती आणि मालक छताकडे बघत उभे होते. पाहुणे गेल्यावर मालक त्यांच्यावर चिडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिशाला घाई नसते. ते आज काहीच करत नाही, म्हणून माणूस फसतो." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. कोणत्याही भांडणाच्या शेवटी ते यायचंच.

कामगार त्यांना पेणवाले साहेब म्हणायचे. त्याचं कारण स्पेन.

आमची मोठी भट्टी स्पेनहून आली होती, तिथं वापरून झालेली. ती जोडून द्यायला तिकडचा एक वयस्क कारागीर आला आणि पावसाळाभर खोपोलीत राहिला. हे मी लागण्याच्या आदल्या वर्षीचं. त्याला इंग्रजी जेमतेम, आमच्या साहेबांना स्पॅनिश शून्य, तरी दोघांचं जमलं. रविवारी साहेब त्याला कर्जतला घरी घेऊन जायचे. काकूंनी केलेलं वालाचं बिरडं तो ताट पुसून खायचा. एका रविवारी साहेबांनी त्याला विचारलं, तुमच्या गावात काय आहे? त्यानं भिंतीवरचं जुनं कॅलेंडर मागून घेतलं आणि त्याच्या पाठीवर चित्र काढायला लागला.

आधी त्यानं जैतुनाची झाडं काढली, मग त्या झाडांमधून वर आलेलं एक दगडी धुराडं, मग विहिरीसारखं खोल भोक आणि तळाशी मुंगीएवढा माणूस. गावाचं नाव लिनारेस. तिथल्या जमिनीत शिसं, आणि शिशात थोडी चांदी. तळाशी काढलेला माणूस म्हणजे त्याचा आजोबा. मग त्यानं एक दगडी हौद काढला, त्यावर वाकून कपडे धुणारी बाई काढली, आणि तिच्या पायाशी रांगणारं मूल. बाई म्हणजे आजी. मूल म्हणजे त्याचा थोरला काका. मोबाइलवर भाषांतर करत करत त्यानं सांगितलं, की आजोबांचे हात शेवटी मनगटातून लोंबायला लागले, चमचा धरवेना. आणि थोरला काका आयुष्यभर स्वतःचं नाव लिहायला शिकला नाही. पुरुषांचं दुखणं खाणीमुळे होतं, हे गावाला माहीत होतं. पोरांचं मात्र लोक नशीब म्हणायचे. आजी रोज आजोबांचे खाणीतले कपडे त्याच हौदावर धूत होती.

काकू म्हणाल्या, त्या दुपारी हे जेवलेच नाहीत. कॅलेंडर घेऊन खिडकीशी बसून राहिले.

पाहुणा परत गेला आणि साहेब स्पॅनिश शिकायला लागले. मोबाइलवर धडे लावून जिन्यात, गच्चीवर, दाढी करताना मोठमोठ्यानं घोकायचे. दर रविवारी दोघांचा व्हिडिओ कॉल. लिनारेसच्या खाणींबद्दल मिळेल ते वाचायचे आणि रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी भट्टीपाशी उभं राहून पाच मिनिटं कामगारांना सांगायचे. पहिल्याच दिवशी जनार्दन नावाच्या भट्टीवाल्यानं विचारलं, "साहेब, ह्ये पेणच्या पुढं हाय का?" सगळे हसले, साहेबही हसले, आणि नाव पडलं.

पण लोक ऐकायचे. हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडणारा एक सेनापती होता, त्याची सासुरवाडी तिथलीच होती म्हणतात, हे ऐकल्यावर तर जनार्दनला रोज त्या जावईबापूंची खबर हवी असायची. मग रोमन आले. त्यांना हवी होती चांदी, शिसं आपोआप मिळालं. त्यांनी त्याचे नळ केले, भांडी केली, त्यात द्राक्षाचा रस आटवून प्यायले. खाली खाणीत उतरायचे ते गुलाम. त्यानंतर कित्येक शतकं गेली आणि इंग्रज वाफेची इंजिनं घेऊन आले. खाणीतलं पाणी उपसलं, आणखी खोल गेले. गाव फुगलं, रेल्वे आली, माणसं कुठून कुठून कामाला आली. इंग्रजांचं वेगळं कब्रस्तानसुद्धा झालं तिथं. मग शिसं परवडेना, खाणी बंद पडल्या, आणि आता नुसती धुराडी उभी आहेत. लोक सुट्टीच्या दिवशी तिथं फिरायला जातात.

सांगून झालं की ते आवारातल्या बॅटऱ्यांच्या ढिगाकडे बोट करायचे. "ही आपली खाण. तिथं खाली उतरावं लागायचं, इथं ती टेंपोतून येते. बाकी फरक नाही. मास्क लावा."

त्या ऐकणाऱ्यांत हरेश होता. खालापूरकडच्या एका गावातला, भट्टीतून शिसं ओतण्याच्या कामावर. कबड्डी खेळणारा, दणकट. समोरचा गडी एका हातानं लोळवायचा, असं त्याच्या गावचे लोक सांगायचे. मी लागले त्या वर्षी उन्हाळ्यात त्याच्या पोटात कळा यायला लागल्या. डॉक्टरनं गॅसच्या गोळ्या दिल्या. घरच्यांनी दृष्ट काढली. तो चिडचिडा झाला, जेवणाचा डबा तसाच परत न्यायला लागला. रक्ताची तपासणी वर्षातून एकदा व्हायची, तेव्हा तो चुलतभावाच्या लग्नाला गेलेला होता. नंतर कोणी आठवणीनं करून घेतली नाही.

एका दुपारी तो लॅबच्या खिडकीशी नमुना द्यायला आला. मी त्याला चहाचा ग्लास दिला, तर तो त्याच्या हातून खाली पडला. हरेश ओशाळला, हात ओला होता म्हणाला. साहेब खुर्चीतून उठले.

"हात सरळ पुढे धर. आता पंजा वर उचल."

हरेशनं हात पुढे केला. उजवा पंजा वर येईना. तो स्वतःच त्या पंजाकडे बघत राहिला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. साहेबांनी त्याला तोंड उघडायला सांगितलं, हिरड्यांवर शिशाची निळसर रेघ दिसते का ते पाहिलं. मग त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन खाली ठेवला आणि मला म्हणाले, गाडी काढायला सांग.

रक्तातलं शिसं फार वाढलेलं निघालं. मुंबईच्या हॉस्पिटलात त्याला ठेवून घेतलं आणि औषध सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, हात परत येईल, पण भट्टीवर पुन्हा पाठवू नका. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. साहेबांनी नाही टाकला. परतीच्या वाटेवर गाडीत, पनवेल मागे पडल्यावर, त्यांनी मला विचारलं, "त्याचे कपडे कोण धुतं?"

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ते हरेशच्या घरी गेले. घरात त्याची बायको वंदना आणि मुलगी स्वरा. स्वरा तीन वर्षांची होऊन गेली होती, पण दोनचार शब्दांपलीकडे बोलत नव्हती. मागच्या अंगणात धुण्याचा दगड. त्या दगडावरचं पाणी वाहून जायचं ते अळूच्या वाफ्यात, आणि त्या अळूच्या सावलीत चिखलात बसून स्वरा खेळत होती. साहेब दारातच थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते त्या मुलीकडे बघत होते. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर कोणतं चित्र होतं ते मला विचारावं लागलं नाही.

त्यांनी वंदनाला सांगायला सुरुवात केली. कपड्यांत धूळ बसते, ती पाण्यात उतरते, मातीत राहते, पोरांच्या तोंडात जाते. वंदना पदर खोचून उभी होती. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे मीच माझ्या पोरीला विख घातलं, असं म्हणायचं हाय का तुमाला?"

साहेब खाली बसले. अंगणात, मातीत, मांडी घालून. घरी बैठकीवर बसायच्या आधीसुद्धा ती झटकून घेणारा हा माणूस.

"नाही वंदनाताई," ते म्हणाले. "ते तुमच्या घरी आम्ही पाठवलं. रोज संध्याकाळी, हरेशच्या अंगावरून. शिसं कपड्यांत बसतं हे मला माहीत होतं, म्हणून मी माझे खिसे उसवले. त्याच्या कपड्यांचं पुढे काय होतं, ते बघायला मी इथपर्यंत कधी आलो नाही."

मग त्यांनी तिला लिनारेसच्या त्या आजीची गोष्ट सांगितली. हत्ती नाहीत, रोमन नाहीत, नुसती हौदावर कपडे धुणारी बाई आणि तिचा मुलगा. वंदना केव्हा समोर बसली ते मला कळलं नाही.

"त्या बाईला कोनी सांगितलं नाय?" तिनं विचारलं.

"नाही. कोणाला माहीतच नव्हतं."

"मला सांगितलंत," ती म्हणाली, आणि उठून मुलीला चिखलातून उचलून घेतलं. त्याच संध्याकाळी तिनं सगळं अळू मुळासकट उपटलं. स्वराच्या रक्तातही शिसं निघालं, पण बापाएवढं नाही. डॉक्टर म्हणाले, घर स्वच्छ ठेवा, दूध-पालेभाजी द्या, दर काही महिन्यांनी तपासा, उतरेल. तिचं बोलणं शिशामुळे अडलं होतं की आपसूक उशिरा यायचं होतं, हे कोणी छातीठोकपणे सांगितलं नाही. वंदना मात्र रोज वाट बघत होती.

साहेब मालकांकडे गेले. अंघोळीची सोय हवी, घरचे आणि कामाचे कपडे ठेवायला वेगवेगळी कपाटं हवीत, कामाचे कपडे कारखान्यातच धुतले गेले पाहिजेत. मालक तसे वाईट नव्हते. पुढच्या वर्षी नवी शेड बांधू तेव्हा त्यात हेही करू, म्हणाले. साहेब म्हणाले बरं, तोवर मी धुतो.

मालकांना वाटलं, रागानं बोलले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी सुटायच्या वेळी ते सांडपाण्याच्या टाकीशेजारी दोन पिंपं मांडून बसले. अंगात रबरी एप्रन, हातात कोपरापर्यंत मोजे, तोंडावर मास्क. पाळी संपवून निघालेल्यांचे कपडे मागून घेतले आणि धुवायला लागले. कामगार शरमले. जनार्दननं त्यांच्या हातातून स्वतःची पँट ओढून घ्यायचा प्रयत्न केला. साहेबांनी सोडली नाही. पँट दोघांच्या मध्ये ताणलेली, आणि साहेब त्याला समजावत होते की पिळताना पाणी अंगावर उडू द्यायचं नाही. शेवटी जनार्दननं सोडली. मी दोरीवर वाळत घालायचे. रोज. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघायचे. मालकांनी बोलावून विचारलं, हा काय तमाशा चालवलाय. साहेब म्हणाले, "तमाशा नाही, धुणं आहे."

किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका सकाळी घरी वाकून बूट घालताना त्यांच्या कमरेत अशी चमक भरली, की काकूंनी आणि शेजाऱ्यांनी उचलून पलंगावर टाकलं. डॉक्टरनं हलायचं नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं, संपलं आता. मी एकटी एवढे कपडे धुऊ शकत नव्हते, आणि मालकांनी मला तसं करूही दिलं नसतं.

त्या दिवशी पाळी सुटली. मी लॅबच्या खिडकीतून बघत होते. जनार्दन नळावर अंघोळ करून घरचे कपडे घालून आला, कामाचे कपडे त्यानं मालकांच्या ऑफिसच्या दारात ठेवले आणि निघून गेला. त्याच्या मागून दुसरा आला, मग तिसरा. कोणी घोषणा दिली नाही. दुसऱ्या दिवशी ढीग वाढला. तिसऱ्या दिवशी मालकांना आत जायला त्यावरून पाय टाकून जावं लागलं. त्यांनी जनार्दनला बोलावलं आणि हे कोणी शिकवलं, असं विचारलं.

जनार्दन म्हणाला, "कोनी नाय शिकवलं. साहेब आजारी हायत आनि कपडे घरी न्यायचे नायत. मग ठेवायचे कुठं, ते तुमी सांगा."

मालक त्या ढिगाकडे बघत राहिले. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा सुट्टीत रोज कारखान्यात येत होता, भट्टी बघत हिंडत होता. त्यांच्या मनात काय आलं ते मी सांगू शकत नाही. मी एवढंच पाहिलं, की त्यांनी आपल्या पायातल्या बुटांकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे, आणि मग खिशातून मोबाइल काढून गवंड्याला फोन लावला.

गणपतीच्या आधी धुलाईघर उभं राहिलं. शेजारी अंघोळीच्या खोल्या, कपाटांची रांग, मोठी मशीन. साहेब कमरेला पट्टा बांधून कामावर आले, त्यांनी मशीनचं पाणी कुठं जातं ते वाकता येत नसताना वाकून पाहिलं आणि मगच समाधान मानलं. त्या रविवारी ते मुद्दाम कर्जतहून आले आणि लिनारेसच्या पाहुण्याला तिथूनच फोन लावला. मोबाइल मशीनच्या काचेपाशी धरला. पाहुण्यानं त्याच्या बायकोला हाक मारली, आणि ती दोघं म्हातारी माणसं तिकडे स्पेनमध्ये आमच्या साजगावचं धुणं गरगर फिरताना बघत बसली. साहेब स्पॅनिशमध्ये काहीतरी समजावत होते. ते त्यांना कितपत कळलं, शंका आहे. काकूंच्या मते त्यांचं स्पॅनिश फक्त त्यांनाच कळतं.

हरेशचा हात हळूहळू परत आला. आधी पंजा उचलला गेला, मग बोटांत जोर आला, आणि एके दिवशी त्यानं लॅबमध्ये येऊन माझ्याकडून चहाचा ग्लास मागून घेतला आणि संपेपर्यंत उजव्या हातात धरून प्यायला. आता तो कर्जतजवळच्या एका नर्सरीत कलमं बांधतो. कबड्डी खेळत नाही, पंच म्हणून शिट्टी घेऊन मैदानाबाहेर उभा राहतो. मी आता लॅब सांभाळते. सकाळची पाच मिनिटं मीही बोलते, पण मला त्यांच्यासारखं सांगता येत नाही. जनार्दन मध्येच मला दुरुस्त करतो.

साहेब निवृत्त झाले ते पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या दिवशी. भट्टीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, कामगारांची बायकामुलं आली होती. भाषणं झाली, शाल झाली. साहेबांना कर्जतला सोडायला गाडी फाटकाशी उभी होती, काकू आत जाऊन बसल्याही होत्या. तेवढ्यात हरेश, वंदना आणि स्वरा आले. स्वरा आता बालवाडीत जाते. ती साहेबांसमोर उभी राहिली आणि तिनं आपल्या घरच्या शेळीची हकिकत सांगायला सुरुवात केली. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, एक काळं आणि एक ठिपक्याठिपक्यांचं, काळं दूध पीत नव्हतं, मग आईनं बोट लावलं, मग ते प्यायलं, मग ते छपरावर चढलं. श्वास घ्यायलाही ती थांबत नव्हती. साहेब कमरेचं दुखणं विसरून पायरीवर बसले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"स्वरा, पुरे गं आता," वंदना म्हणाली. "साहेबांना जाऊ दे."

साहेबांनी हातानंच वंदनाला थांबवलं.

स्वरानं त्यांना विचारलं, "तुमच्याकडं शेळी हाय?"

"नाही गं."

"मग काय हाय?"

त्यांनी खांद्यावरची शाल काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आजपासून भरपूर वेळ आहे. ते छपरावर चढलं, आणि मग?"